वेगळं होण्याचा मसुदा

"पुढच्या वेळी येताना लग्नाचा अल्बम घेऊन या," असं वकीलबाई पहिल्या भेटीच्या शेवटी सांगतात. समोरची मुलगी गोंधळते. लग्न मोडायला आलेल्या माणसाला लग्नाचे फोटो कशाला? पुढच्या भेटीत ते कळतं. अल्बम टेबलावर उघडतात, ज्युनिअर वही घेऊन बसते आणि एकेका फोटोवरून दागिन्यांची यादी सुरू होते. सीमांतपूजनाच्या फोटोत गळ्यात ठुशी आहे, ती कुणी केली? माहेरची. तोडे? सासूबाईंनी घातले. पाटल्या? आजीच्या होत्या, मोडून नव्या केल्या. त्याची पावती? आईकडे असेल. सराफाकडून जुन्या बिलाची प्रत मिळेल? विचारते. आता हे सगळं कुठे आहे? लॉकरमध्ये. लॉकर कुणाच्या नावावर? यावर मुलगी गप्प होते. लॉकर नवऱ्याच्या आणि सासऱ्यांच्या नावावर आहे.

स्त्रीधनाबद्दल कायद्यात संदिग्धता नाही. लग्नात माहेरहून, सासरहून, आप्तेष्टांकडून बाईला जे मिळालं ते तिचं एकटीचं. ते नवऱ्याच्या घरात ठेवलं म्हणून नवरा त्यात भागीदार होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं. पण कोणती पाटली, किती तोळ्यांची, आज कुणाच्या ताब्यात, हे निकालपत्रात आपोआप उतरत नाही. ते कुणीतरी बसून लिहून काढावं लागतं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'घर' हा विषय दिला, तेव्हा घर जिथे विभागलं जातं तिथे जाऊन बसावं असं मनात आलं. पुण्यात वीसेक वर्षं कौटुंबिक न्यायालयात वकिली करणाऱ्या एका बाईंनी त्यांच्या ऑफिसात बसू दिलं. अट एकच होती: कुणाची ओळख पटेल असं काही लिहायचं नाही. त्यामुळे पुढे येणारी माणसं नावाविना आहेत, आणि त्यांचे तपशील बदललेले आहेत. वकीलबाईंना इथे सगळे म्हणतात तसं 'मॅडम'च म्हणते.

शिवाजीनगरचे जिने

कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४चा. पुण्यात हे न्यायालय १९८९पासून आहे आणि २०१७पासून शिवाजीनगरच्या स्वतंत्र इमारतीत भरतं. सकाळी साडेदहानंतर तिथल्या जिन्यांवर उभं राहिलं की शहराचा एक आडवा छेद दिसतो. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच अडकवून आलेली जोडपी, मुळशीकडून एसटीनं आलेले टोपीवाले वडील आणि त्यांच्या मागे फाइल छातीशी धरलेली मुलगी, आणि नातवाला सांभाळत बाकावर बसलेली आजी. पट्टेवाला पुकारा करतो तेव्हा दोन्ही नावं एका दमात घेतो. आत मात्र परक्याला बसता येत नाही. पक्षकारांनी मागितलं की सुनावणी बंद दाराआड होते, आणि ते योग्यच आहे.

या कायद्यातली एक तरतूद बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. कौटुंबिक न्यायालयात वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. कल्पना अशी की नवरा-बायकोनं न्यायाधीशांशी थेट बोलावं, विवाह समुपदेशकानं मदत करावी आणि भांडण लढाईच्या वळणावर जाऊ नये. प्रत्यक्षात परवानगीचा अर्ज होतो, तो सहसा मंजूर होतो आणि वकील उभे राहतात. मला वाटतं हे बरंच आहे. ज्या नवऱ्यानं बारा वर्षं बँकेचं पासबुक दाखवलं नाही, त्याच्यासमोर बायकोनं एकटीनं बसून तडजोड करायची, यात समता नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं. १९८७च्या कायद्यानुसार स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. हे वाक्य प्रत्येक मुलीच्या आईवडिलांनी लक्षात ठेवावं, असं मॅडम आवर्जून सांगतात.

समुपदेशकाची खोली मात्र वकिलाविना असते. तिथे दोघं आधी एकेकटे, मग एकत्र बसतात. मॅडम अशिलांना सांगतात, "तिथे खरं बोला. मला जे सांगायला लाजलात, ते तिथे सांगा." काही संसार त्या खोलीतून परत घरी जातात. जे जात नाहीत, त्यांच्यातले पुष्कळसे तिथून 'म्युच्युअल'ची, म्हणजे परस्परसंमतीच्या अर्जाची भाषा बोलत बाहेर पडतात. मॅडमचं खरं काम मग सुरू होतं.

दोघांच्याही ताटात काय आहे

पोटगीच्या भांडणात पूर्वी दोन्ही बाजूंनी अंदाज फेकले जायचे. ती म्हणायची, याला दोन लाख पगार आहे. तो म्हणायचा, नोकरीच गेली. ४ नोव्हेंबर २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सर्वोच्च न्यायालयानं यावर मार्ग काढला: दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं ठरावीक नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र द्यायचं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची, हेही त्यातच ठरलं. त्यामुळे तारखा लांबवून पैसे वाचवण्याची वाट अरुंद झाली.

हे प्रतिज्ञापत्र भरताना पाहणं हा एक अनुभव आहे. चाळिशीतला एक इंजिनिअर ज्युनिअरसमोर बसला होता. पगार, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, एलआयसी, म्युच्युअल फंड, कंपनीचे शेअर, गावच्या जमिनीतला हिस्सा, क्रेडिट कार्डाची थकबाकी. मग खर्चाची बाजू: घरभाडं, आईचं औषधपाणी, गाडीचा हप्ता. तो म्हणाला, "मॅडम, शेअर अजून माझ्या हातात आले नाहीत, ते कशाला लिहायचे?" मॅडमनी त्याच्या बाजूच्या वकील असूनही ते लिहायला लावले. नंतर म्हणाल्या, "लपवलेलं सापडलं की न्यायाधीशांचा पुढच्या शंभर खऱ्या वाक्यांवरही विश्वास बसत नाही. आणि सापडतंच. बायकोला नवऱ्याचं सगळं ठाऊक नसेल, पण कुठे शोधायचं ते ठाऊक असतं."

बायकांची प्रतिज्ञापत्रं निराळ्या कारणानं अडतात. 'उत्पन्न' या रकान्यापाशी गृहिणी थबकते आणि 'काही नाही' असं सांगते. तिथे मॅडम पेन खाली ठेवायला सांगतात. लग्नाआधी काय करत होता? नोकरी का सोडली? कुणाच्या बदलीमुळे? सासऱ्यांच्या आजारपणात घरी कोण होतं? या उत्तरांना रकाना नसतो, पण ती अर्जाच्या परिच्छेदांत जातात आणि पोटगीचा आकडा ठरताना त्यांचं वजन पडतं. नोकरी सोडून वाढवलेली मुलं आणि सांभाळलेले म्हातारे हे न्यायालयानं विचारात घ्यावं, असं त्याच २०२०च्या निकालात म्हटलं आहे.

फ्लॅट

मराठी माणूस आयुष्यात एकदाच मोठी खरेदी करतो, ती फ्लॅटची. त्यामुळे सगळ्यात जास्त तास फ्लॅटवर जातात. इथे एक मोठा गैरसमज आड येतो. लग्नानंतर जे कमावलं त्यात निम्मा वाटा बायकोचा, असं पुष्कळ बायका धरून चालतात. हिंदी सिनेमातून, परदेशातल्या बातम्यांतून ते मनात बसलं असावं. आपल्याकडच्या कायद्यात असं काही नाही. ज्याच्या नावावर, त्याचं. बायकोला पोटगी आहे, स्त्रीधन आहे, २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो हक्क मागता येतो, हे २०२०च्या सतीश आहुजा निकालानं पक्कं केलं. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. हिंदू विवाह कायद्यात बदल करून पत्नीला मालमत्तेत वाटा देणारं एक विधेयक २०१०मध्ये आलं, २०१३मध्ये राज्यसभेत मंजूरही झालं, आणि पुढे लोकसभेत मंजूर न होता संपून गेलं. बारा वर्षं उलटली. कुणीही ते पुन्हा उचललेलं नाही, याची मला खंत वाटते.

वाकडच्या एका टू बीएचकेची गोष्ट ऐकली. खरेदीखत दोघांच्या नावे. दोघंही नोकरीला. हप्ता त्याच्या खात्यातून जायचा. तिच्या पगारातून किराणा, मुलाची शाळा, कामवाल्या मावशी, सोसायटीचा मेंटेनन्स आणि दर मे महिन्यातला प्रवास. दहा वर्षांनी भांडण झालं तेव्हा बँकेचं स्टेटमेंट सांगत होतं की घर त्यानं घेतलं. तिचे पैसे खाऊन संपले होते. मॅडमनी तिच्या दहा वर्षांच्या खर्चाची जुळणी केली. शाळेच्या पावत्या, यूपीआयचे व्यवहार, सोसायटीच्या पावत्या. दोघांच्या नावे घेतलेल्या मालमत्तेत वेगळा पुरावा नसेल तर वाटे समान धरतात, हे कायद्याचं गृहीतक त्यांनी हाताशी ठेवलंच होतं. पण पलीकडच्या वकिलाशी बोलताना त्यांनी मांडलं ते साधं होतं: तिनं घर चालवलं नसतं तर याचा हप्ता गेला नसता. वाटाघाटीत ते टिकलं.

मग प्रश्न आला, करायचं काय. घर विकून पैसे वाटायचे, की एकानं दुसऱ्याचा हिस्सा घ्यायचा, की मूल दहावी होईपर्यंत घर तसंच ठेवून नंतर विकायचं. तिसरा पर्याय मायेचा वाटतो, पण मॅडमना तो आवडत नाही. सहा वर्षं दोघांची नावं एका कागदावर अडकून राहतात. दरम्यान कुणाचं पुन्हा लग्न होतं, कुणाची नोकरी जाते, गळती दुरुस्त कुणी करायची यावर फोन सुरू होतात. वाकडच्या प्रकरणात तिनं घर ठेवायचं आणि उरलेलं कर्ज आपल्या अंगावर घ्यायचं असं ठरलं.

आणि इथे वकिलाचा अनुभव लागतो. संमतीपत्रात 'फ्लॅट पत्नीला दिला' असं लिहून न्यायालयाचा हुकूमनामा झाला, तरी बँक त्या हुकूमनाम्याला बांधील नसते. कर्जाच्या करारावर दोघांच्या सह्या आहेत, हप्ता थकला की बँक दोघांनाही धरणार. म्हणून तिच्या एकटीच्या पगारावर बँक कर्ज द्यायला तयार आहे का, हे आधी तपासायचं आणि बँकेचं पत्र हातात आल्यावरच तारीख घ्यायची. दुसरी गोष्ट मुद्रांकाची. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्यानं बायकोला बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार. पण ही सवलत नात्यासाठी आहे. हुकूमनामा झाला की नातं संपलं, आणि मग बाजारभावावर टक्केवारीनं शुल्क. त्यामुळे बक्षीसपत्राची नोंदणी घटस्फोटाच्या आधी व्हावी लागते. ज्या माणसापासून वेगळं व्हायचं आहे त्याच्या शेजारी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बसून, टोकन नंबरची वाट बघत, अंगठा आणि फोटो द्यायचा. हे काम दोघांनाही जड जातं. त्या दिवशी मॅडम ज्युनिअरला न पाठवता स्वतः जातात.

सातबाऱ्यावरची ओळ

शहराबाहेर प्रश्न बदलतो. गावाकडे बायकोच्या नावावर काहीच नसतं आणि नवऱ्याच्या नावावरही अनेकदा नसतं. जमीन वडिलांच्या किंवा भावाभावांच्या सामायिक सातबाऱ्यावर. पोटगीचा अर्ज आला की घाईनं हक्कसोडपत्र होतं आणि नवरा एका रात्रीत भूमिहीन होतो. मुळशीकडून आलेल्या त्या मुलीच्या प्रकरणात मॅडमनी पहिल्याच दिवशी मनाईचा अर्ज दिला आणि फेरफारांचे उतारे मागवले. कोणत्या तारखेला कुणी कुणाच्या नावे हक्क सोडला, हे तारखांच्या क्रमानं मांडलं की हेतू आपसूक दिसतो.

पोटगी जमिनीवर बोजा म्हणून चढवता येते, ही तरतूद हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५मध्ये आहे, पण ती फारशी वापरात नाही. न्यायालयाचा तसा आदेश घेऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात नोंद करून घेतली, की जमीन विकायला निघालेल्याला आधी त्या ओळीला उत्तर द्यावं लागतं. मुलीच्या वडिलांना हे सगळं कायद्याच्या भाषेत कळलं नव्हतं. सातबाऱ्यावर ओळ येणार, एवढं मात्र लगेच कळलं. "म्हंजे पोरीचं नाव लागलं म्हणायचं," ते म्हणाले. मॅडमनी समजावलं की हे मालकीचं नाव नाही, पैशाचा हक्क आहे. वडील म्हणाले, "असंना. नाव दिसतंय ना."

बायकोचं नाव सातबाऱ्यावर जिवंतपणीच लावा, हे महाराष्ट्रात मोठ्या आवाजात सांगून झालेलं आहे. १९९०च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. १९९२मध्ये राज्य सरकारनं त्याच नावाची योजना आणली, नवऱ्यानं अर्ज केला की पत्नीचं नाव सहधारक म्हणून लागू शकतं. ज्या घरात त्या काळी ती नोंद झाली, तिथल्या सुनेची आजची बाजू किती वेगळी असते, हे कोर्टाच्या बाकावर बसलं की समजतं.

म्हापशात निम्मं निम्मं

पुण्यात जे नाही, ते शेजारी गोव्यात दीडशे वर्षं आहे. म्हणून म्हापशाच्या एका वकिलांना गाठलं. गोव्यात अजूनही १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक भाग लागू आहे, धर्म कोणताही असो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्न नोंदताच दोघांची मालमत्ता एक होते, आधीची आणि नंतरचीही, आणि त्यात दोघांचा निम्मा निम्मा हिस्सा. नवऱ्याला घर किंवा जमीन बायकोच्या सहीशिवाय विकता येत नाही. घटस्फोट झाला तर मालमत्तेची यादी करून वाटणी होते. ही प्रक्रिया आता २०१२च्या गोवा वारसा कायद्यात आली असून तो २०१६पासून अमलात आहे.

म्हापशाच्या वकिलांचा दिवसही मॅडमच्या दिवसासारखाच यादीत जातो. फरक इतकाच, की तिथे 'वाटा आहे का' यावर तास जात नाहीत. 'कशाचा वाटा' यावर जातात. घर अजून सासऱ्यांच्या नावे, त्यांच्या पश्चात यादीच झालेली नाही, भाऊ मुंबईत, एक बहीण लिस्बनला. नवऱ्याचा हिस्साच ठरलेला नसेल तर त्याचं निम्मं कुठून काढणार? वाटण्या वर्षानुवर्षं लोंबकळतात. तरीही मला गोव्याची सुरुवात अधिक न्याय्य वाटते. तिथल्या बाईला आपण संसारात काय घातलं हे पावत्यांनिशी सिद्ध करावं लागत नाही.

शनिवार कुणाचा

मालमत्तेवर भांडणारी माणसं मुलांच्या विषयाकडे आली की आवाज बदलतो. कायद्याची चौकट थोडक्यात सांगता येईल. १८९०चा पालक व पाल्य कायदा, १९५६चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे, आणि सगळ्यांच्या वर मुलाचं हित. १९७३च्या रोझी जेकब खटल्यापासून न्यायालयं सांगत आली आहेत की मूल ही आईबापांची वस्तू नाही. विधी आयोगानं २०१५च्या २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली, संसदेनं अजून कायदा केलेला नाही.

ही चौकट मुलाच्या एका मंगळवारपर्यंत पोचत नाही. संमतीपत्रात 'वडिलांना वाजवी भेटीचा हक्क राहील' एवढंच लिहिलेलं असतं, तेव्हा 'वाजवी' म्हणजे काय यावर पुढची दहा वर्षं भांडणं होतात. दुसऱ्यांनी लिहिलेली अशी संमतीपत्रं दुरुस्तीसाठी मॅडमकडे येतात. त्यांच्या स्वतःच्या मसुद्यात भेटीचं कलम तीन-चार पानांचं असतं. पहिला आणि तिसरा शनिवार सकाळी दहा ते रविवारी संध्याकाळी सहा. नेणं वडिलांनी, आणून सोडणं वडिलांनी, गेटपर्यंत, आईच्या दारापर्यंत नाही. पंधरा मिनिटांपेक्षा उशीर होणार असेल तर मेसेज. शाळेच्या पालकसभेला दोघंही जाऊ शकतात. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघंही. व्हिडिओ कॉल बुधवारी संध्याकाळी सातला, त्या वेळी दुसऱ्या पालकानं खोलीत थांबायचं नाही. ताप आला तर डॉक्टरांची चिठ्ठी दोघांना. पासपोर्टच्या अर्जावर दोघांची संमती आणि परदेशी नेण्याआधी लेखी कळवणं. या शेवटच्या ओळीचं महत्त्व न्यू जर्सी आणि पुणे यांच्यात विभागलेल्या एका कुटुंबाकडे बघून कळलं. मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात परस्पर नेण्याबाबतच्या १९८०च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे एकदा मूल नेलं की परत आणण्याची वाट लांबची असते.

सगळ्यात जास्त ताणाताणी दिवाळीवर होते. सुट्टीचे दिवस मोजून दोन भाग करणं सोपं, पण सण मोजून वाटता येत नाही. एका मुलीचं वेळापत्रक ठरताना मी बाहेरच्या खोलीत होते. आईला लक्ष्मीपूजन हवं होतं, वडिलांनाही. सम वर्षी एकाकडे, विषम वर्षी दुसऱ्याकडे, असं झालं. मग वडील म्हणाले, भाऊबीज दरवर्षी माझ्याकडे हवी, तिची चुलतभावंडं सगळी माझ्याकडे आहेत, सख्खा भाऊ नाही तिला. पलीकडून बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आईनं मान्य केलं, पण पाडवा आपल्याकडे मागितला. गणपतीत गावी, राजापूरकडे न्यायचं तर शाळा किती दिवस बुडणार, यावर आजीला फोन लागला. ज्युनिअरनं गौरी विसर्जनापर्यंत असं लिहिलं आणि शाळेच्या परीक्षा आल्या तर ते बदलेल अशी पुस्ती जोडली.

कायद्याच्या पुस्तकात न शिकवलेल्या दोन गोष्टी मॅडम अशिलांकडून सक्तीनं पाळून घेतात. पोटगी आणि भेट यांचा सौदा करायचा नाही. पैसे थकले म्हणून मूल अडवायचं नाही, मूल दाखवलं नाही म्हणून पैसे थांबवायचे नाहीत. दोन्हींसाठी न्यायालयात वेगळे अर्ज आहेत. आणि मुलाच्या खर्चाचा हक्क आईनं आपल्या समझोत्यात सोडून द्यायचा नाही. "मला काही नको, फक्त घटस्फोट द्या," असं थकलेल्या बायका म्हणतात. स्वतःपुरतं तसं म्हणता येतं. मुलाच्या वतीनं नाही, आणि तसं लिहून दिलं तरी न्यायालय ते बंधनकारक मानेलच असं नाही.

न्यायालयाच्या इमारतीत मुलांची एक खोली आहे, खेळणी आणि रंगवलेल्या भिंतींची. ताबा ठरेपर्यंत भेटी अनेकदा तिथेच होतात. न्यायाधीश मोठ्या मुलाशी आपल्या दालनात एकटं बोलतात. त्या आधी मुलाला पढवू नका, हे मॅडम दोन्ही घरांना सांगतात. पढवलेलं मूल दुसऱ्या प्रश्नालाच घरच्यांची वाक्यं बोलू लागतं, आणि अनुभवी न्यायाधीशांना ते ऐकू येतं.

आधी कोण

संमती झाली म्हणजे संपलं असं नाही. परस्परसंमतीच्या अर्जातून हुकूमनाम्यापर्यंत कुणीही मागे फिरू शकतं, हे १९९१पासून ठरलेलं आहे. त्यामुळे दोघांनाही एकच भीती असते: मी माझं दिलं आणि पलीकडचा फिरला तर? तिला वाटतं, पैसे येण्याआधी छळाची फौजदारी तक्रार मागे घेतली तर तो गायब होईल. त्याला वाटतं, पैसे दिले आणि ती तारखेला आलीच नाही तर ४९८-अ (जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) तसंच डोक्यावर राहील. ही तक्रार दोघांच्या सहीनं मिटत नाही, उच्च न्यायालयात जाऊन रद्द करून घ्यावी लागते, म्हणजे आणखी एक तारीख, आणखी एक प्रतिज्ञापत्र.

वकिलाच्या कौशल्याची कसोटी या क्रमावर लागते. मॅडमच्या टेबलावर त्याचा एक तक्ता असतो, दोन्ही वकिलांनी मिळून केलेला. अर्ज दाखल होताना रकमेचा पहिला भाग डिमांड ड्राफ्टनं. दागिन्यांची पिशवी दोन्ही वकिलांसमोर मोजून, यादीवर सह्या घेऊन. बँकेचं पत्र आल्यावर बक्षीसपत्र. शेवटच्या तारखेआधी उरलेल्या रकमेचा ड्राफ्ट न्यायालयात जमा, तो हुकूमनामा झाल्यावरच तिला मिळणार. उच्च न्यायालयातला अर्ज तयार, तिचं संमतीचं प्रतिज्ञापत्र सही करून पलीकडच्या वकिलांकडे. प्रत्येक पावलावर दोघांनाही काहीतरी मिळालेलं असतं आणि काहीतरी मिळायचं असतं. सोडून जावंसं वाटेल अशी जागा त्यात ठेवायची नसते.

अमरदीप सिंग खटल्यात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं परस्परसंमतीच्या अर्जानंतरची सहा महिन्यांची सक्तीची वाट माफ करता येते असं ठरवलं, पण पोटगी, ताबा, मालमत्ता हे सगळं आधीच मिटलेलं असेल तर. त्यामुळे नीट मसुदा केलेल्या जोडप्याला लवकर सुटता येतं. अर्धवट मसुद्याचं जोडपं तारखांवर तारखा घेत राहतं. दोन अशिलांचे वकील एकमेकांवर विश्वास ठेवणारे असतील तर हा क्रम दहा-पंधरा दिवसांत बसतो, हेही पाहिलं. वकिलांनी भांडण वाढवलं अशी तक्रार बाहेर फार ऐकू येते, आणि काही ठिकाणी ती खरीही असेल. मी जिथे बसले तिथे दोन वकील रात्री दहाला फोनवर तोड्यांच्या वजनावर शांतपणे बोलत होते.

हुकूमनाम्यानंतर

अंतिम आदेश झाला की अशील निघून जातात. मॅडम त्यांना पंधरा दिवसांनी परत बोलावतात. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत घेतली का? बक्षीसपत्राचा इंडेक्स टू सोसायटीला दिला का, भागपत्रावर नाव चढलं का? प्रॉव्हिडंट फंडाचं, एलआयसीचं, बँकेचं नामनिर्देशन बदललं का? मुलाचं नाव कुणाच्या आरोग्यविम्यात आहे? पुष्कळांनी यातलं काही केलेलं नसतं. काही जणांच्या मोबाइलमध्ये अजून एकमेकांचा नंबर 'घर' म्हणून असतो. तो बदला असं मॅडम सांगत नाहीत.

भेटीचं वेळापत्रकही कायमचं नसतं. ताब्याचा आदेश मूल मोठं होईल तसा बदलता येतो, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६नं त्याला वाट ठेवली आहे. मी निघण्याच्या सुमारास पाच वर्षांपूर्वी वेगळी झालेली एक जोडी ऑफिसात आली होती. मुलगी आठवीत, शनिवारी सकाळी कबड्डीचा सराव, आणि वडिलांची बदली नाशिकला झालेली. दोघंही आपापल्या वकिलांशी आधी बोलून आले होते. पहिला-तिसरा शनिवार काढून दुसरा आणि चौथा रविवार आला, उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस वाढले. ज्युनिअर संयुक्त अर्ज टाइप करत असताना वडिलांनी विचारलं, नाशिकहून एखाद्या शनिवारी लवकर पोचलो तर मैदानावर सराव बघायला थांबलो तर चालेल का. आई म्हणाली, चालेल, पण मधे बोलवून घ्यायचं नाही, सर रागावतात. मॅडमनी कलमात ओळ वाढवली: सरावाच्या व सामन्यांच्या ठिकाणी दोन्ही पालकांना उपस्थित राहता येईल, सराव संपेपर्यंत मुलीला बोलावणार नाही.